दम पुढे गेला, हाड मागे राहिलं: घाटाच्या शर्यतीआधीचे अकरा आठवडे

ही हकीकत साताऱ्यातल्या आमच्या धावण्याच्या गटातली आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ज्यांची ही गोष्ट आहे त्यांनी मजकूर वाचून संमती दिली, आणि दोन ठिकाणी माझी चूकही दुरुस्त केली. गटात नव्याने येणाऱ्यांचं सरावाचं वेळापत्रक मी गेली काही वर्षं बघतो. या प्रकरणात माझ्याकडून जे सुटलं तेही इथे लिहिलं आहे, कारण दुसऱ्या एखाद्या गटाला त्याचाच जास्त उपयोग होईल.

पार्श्वभूमी

वृंदाताई, वय ४१, प्राथमिक शाळेत शिक्षिका. घरी सासू-सासरे आणि दोन मुलं. यजमान नोकरीनिमित्त परगावी, शनिवार-रविवार घरी. पहाटे साडेचारला उठायचं, पाच ते सहा पळून यायचं, मग डबे, मग शाळा. पळायला लागल्यापासून पहिल्याच वर्षी त्यांनी सातारा हिल हाफ मॅरेथॉन २ तास ५२ मिनिटांत पूर्ण केली होती.

ही शर्यत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. २०१२ पासून सप्टेंबरात होणारी ही २१ किलोमीटरची शर्यत आहे. गावातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं आणि मागे वळून तोच घाट उतरायचा. जाताना छातीची परीक्षा, येताना मांड्यांची. वृंदाताईंचा त्या वर्षी उतारावर घात झाला. पुढचे दोन दिवस त्या जिना उलटं तोंड करून उतरत होत्या.

पुढच्या वर्षीचं लक्ष्य त्यांनी स्वतःच ठरवलं: अडीच तास. आपल्या वर्गातल्या मुलांना त्या ललिता बाबरची गोष्ट नेहमी सांगतात. आमच्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीची मुलगी २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली आणि दहावी आली. "पोरांना सांगायचं आणि स्वतः टंगळमंगळ करायची, असं नाही चालत सर," हे त्यांचं वाक्य. मेहनतीत ही बाई कुठेच कमी नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो.

एप्रिलपर्यंत त्यांचं आठवड्याचं अंतर २४ ते २६ किलोमीटर होतं, चार दिवसांत विभागलेलं. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली. सकाळी घाई नाही, डब्यांची गडबड नाही. पाच आठवड्यांत अंतर ४६ किलोमीटरवर गेलं आणि दिवस सहा झाले. त्यातले तीन दिवस घाटात. आणखी एक गोष्ट त्यांच्या घड्याळातल्या नोंदी नीट पाहिल्यावर दिसली. सपाटीवरचं प्रत्येक पळणं किलोमीटरला सव्वासात ते साडेसात मिनिटांच्या आत होतं. छोटं असो की मोठं, सोमवार असो की रविवार, वेग तोच. धड निवांत नाही, धड जोराचा नाही.

अडचण

जूनच्या शेवटच्या रविवारी त्या मैदानावर आल्या आणि पळायच्या ऐवजी बाकावर बसल्या. उजव्या नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वर साधारण वीतभर अंतरावर दुखत होतं. आधी सुरुवातीला दुखायचं आणि दोन किलोमीटरनंतर थांबायचं, म्हणून त्यांनी मनावर घेतलं नाही. गेले दहा दिवस ते थांबत नव्हतं. शाळा सुरू झाली होती आणि वर्गात उभं राहूनही जाणवत होतं. दोनदा वेदनाशामक गोळी घेऊन त्या घाटात जाऊन आल्या होत्या.

शर्यतीला अकरा आठवडे होते.

असं का होतं हे त्यांना मी ज्या शब्दांत सांगितलं तसंच लिहितो. सराव वाढवला की दम आधी वाढतो. काही आठवड्यांत हृदय-फुप्फुसं नव्या कामाला सरावतात आणि माणसाला वाटतं की आपण तयार झालो. हाड आणि स्नायुबंध मागून येतात. ताण पडला की हाड आधी झिजलेला भाग काढून टाकतं आणि मग तिथे नवं भरतं. काढणं लवकर होतं, भरणं सावकाश. मधल्या काही आठवड्यांत हाड आधीपेक्षा किंचित कच्चं असतं. त्याच काळात रोज घाट उतरला तर भरायला उसंतच मिळत नाही.

अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासलं. दुखरा भाग चार बोटं लांब होता, एका बिंदूवर एकवटलेला नव्हता. रात्री झोपेत दुखत नव्हतं. त्या पायावर उड्या मारताना कळ येत होती, पण पाय टेकवता येत नाही अशी नाही. एक्स-रे स्वच्छ आला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हाडाला बारीक तडा असला तरी पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुतेकदा दिसत नाही. खात्री हवी असेल तर एमआरआय करावा लागेल. लक्षणांवरून त्यांचा कल शिन स्प्लिंटकडे होता, म्हणजे हाडाच्या आवरणाला आलेली सूज.

समोरचे पर्याय

त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी बसलो. जेवणं नुकतीच झाली होती, चहा आला. सासूबाईही होत्या. या चहाची आठवण मला पुढे सहा आठवड्यांनी येणार होती.

शर्यत सोडून द्यायची, हा सगळ्यात सुरक्षित मार्ग सासूबाईंनी सुचवला. मला तो चुकीचा वाटला नाही. वृंदाताईंना सहन झाला नसता, आणि सहन न झालेला निर्णय माणूस चोरून मोडतो. तसं होताना मी दोघा-तिघांच्या बाबतीत पाहिलं आहे.

गोळ्या घेऊन सराव चालू ठेवायचा, हा त्यांच्या मनातला खरा पर्याय होता. याला मी साफ नकार दिला. वेदना दाबली की तडा पडतोय की नाही हे सांगणारी एकमेव खूण जाते.

सहा आठवडे पूर्ण बंद ठेवून उरलेल्या पाचांत तयारी करायची, असं गटातल्या एका जुन्या धावपटूंनी सुचवलं होतं. कागदावर ते शहाणपणाचं दिसतं. पण सहा आठवड्यांच्या विश्रांतीनंतर पाच आठवड्यांत घाटाची तयारी करणं म्हणजे मे महिन्यातलीच चूक पुन्हा करणं.

शेवटी ठरलं ते असं: दोन आठवडे पळणं बंद, मग चालणं-पळणं मिसळून परतायचं, आणि अडीच तासांचं लक्ष्य त्या दिवसापासून रद्द. हे शेवटचं मान्य करायला त्यांना तीन दिवस लागले.

एमआरआय केला नाही. खर्च काही हजारांचा होता आणि निष्कर्ष काहीही आला तरी पहिले दोन आठवडे उपचार तोच होता, असा आमचा हिशोब. एक अट मात्र लिहून ठेवली. दुखणं एका बोटाच्या टोकाएवढ्या जागेत गोळा झालं, रात्री जाणवलं, किंवा दोन आठवड्यांनी एका पायावरच्या दहा उड्या बिनदुखत्या मारता आल्या नाहीत, तर त्याच दिवशी एमआरआय. या निर्णयाबद्दल पुढे पुन्हा लिहिणार आहे.

काय केलं

पहिल्या दोन आठवड्यांत फक्त दुखणार नाही एवढं चालणं, घरातली जुनी सायकल, आणि रोज दहा मिनिटं पोटऱ्यांचा व्यायाम: जिन्याच्या पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा सावकाश वर, सावकाश खाली. आधी दोन्ही पायांवर, मग एकेका. दोन आठवड्यांनी दहा उड्या बिनदुखत्या झाल्या.

तिसऱ्या आठवड्यात एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. आठवड्यातून तीनदा, एक दिवसाआड, सपाट मैदानावर. चौथ्या आठवड्यात हे प्रमाण उलटं झालं. पाचव्यात सलग तीस मिनिटं.

खरा झगडा वेगाचा होता. मी सांगितलं होतं की पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. मध्ये श्वास तुटला तर वेग कमी करायचा. त्यांच्यासाठी हा वेग किलोमीटरला साडेआठ ते पावणेनऊ मिनिटं येत होता. "सर, एवढं हळू पळायचं तर चाललेलंच बरं की! बघणारे काय म्हणतील?" बघणाऱ्यांची अडचण खरी होती. पहाटे रस्त्यावर शाळेतले पालक भेटतात. तेव्हा आम्ही गटातल्या साठीतल्या एका काकांना त्यांच्यासोबत पळायला सांगितलं. काकांचा नेहमीचा वेग तोच. सोबतीमुळे हळू पळणं त्यांना संथपणासारखं वाटेनासं झालं, आणि बोलत पळायची अट आपोआप पाळली गेली.

त्यांना पटावं म्हणून स्टीफन सायलर यांच्या निरीक्षणाबद्दलही बोललो. नॉर्वेत काम करणाऱ्या या शरीरशास्त्रज्ञाने अव्वल दर्जाच्या दमदारीच्या खेळाडूंचा सराव अभ्यासला, तेव्हा शंभरातली सुमारे ऐंशी सत्रं सोप्या वेगाची निघाली. हे आकडे आठवड्याला दहा-वीस तास सराव करणाऱ्यांचे आहेत, साडेतीन तासवाल्या शिक्षिकेला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण त्यातला विचार लागू पडतो. सोपं पळणं खरोखर सोपं असेल तरच आठवड्यातला एक कठीण दिवस खरोखर कठीण करता येतो. वृंदाताईंचे सहाही दिवस मधल्या वेगाचे होते. त्यात थकवा पूर्ण मिळत होता आणि वेग वाढायचं कारण काही घडत नव्हतं.

"दर आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचं नाही" हा नियम आमच्या गटात मंत्रासारखा म्हटला जातो, म्हणून त्याबद्दलही दोन शब्द. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन इथे ५३२ नवशिक्या धावपटूंवर तो तपासला गेला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, सावकाश वाढवणाऱ्या आणि नेहमीच्या पद्धतीने वाढवणाऱ्या दोन्ही गटांत दुखापती जवळपास सारख्याच, पाचांत एकाला, झाल्या. म्हणून मी आता नुसते किलोमीटर मोजायला सांगत नाही. वहीत रोज दोन आकडे लिहायचे: किती मिनिटं पळालो, आणि दहापैकी किती श्रम वाटले. दोन्हींचा गुणाकार म्हणजे त्या दिवसाचा भार. चाळीस मिनिटं सोपं पळणं, श्रम तीन, भार १२०. तीच चाळीस मिनिटं घाटात, श्रम आठ, भार ३२०. अंतराच्या हिशोबात हे दोन दिवस जवळजवळ सारखे दिसले असते.

सहाव्या आठवड्यातली नोंद

ही वहीच शेवटी कामाला आली, पण ज्यासाठी सुरू केली होती त्यासाठी नाही.

पाय आता दुखत नव्हता. तरी सहाव्या आठवड्यात श्रमाचा आकडा चढू लागला. तोच सोपा मार्ग, तेच काका, तोच वेग, आणि श्रम तीनाऐवजी पाच, मग सहा. छातीचे ठोके आधी त्या वेगाला १४५ च्या आसपास असायचे ते १५८ वर गेले. मी म्हणालो, दोन आठवड्यांच्या विश्रांतीने दम कमी झालाय, येईल परत. एक आठवडा असाच घालवला. पुढच्या आठवड्यात काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "अरे, ती बाई बोलता बोलता थांबते. पळताना नाही, नंतर उभं असताना." विचारल्यावर कळलं की शाळेचा दुसरा मजला चढतानाही त्यांना धाप लागते, आणि हे मार्चपासून थोडं थोडं होतंच.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन १०.१. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ८. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने प्रौढ बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय, आणि फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे साठा संपलेला. आपल्याकडे ही दुर्मिळ गोष्ट नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या कक्षेत होत्या. दोघींत एकीहून जास्त. आमच्या गटात तेव्हा तीसेक स्त्रिया होत्या आणि मी एकीलाही कधी हे विचारलं नव्हतं.

स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी पंधरा मिनिटांत जे विचारलं ते मी चार महिन्यांत विचारलं नव्हतं. पाळीत रक्तस्राव गेल्या वर्षापासून वाढला होता. पहाटे फक्त चहावर पळणं, साडेआठला घाईत दोन घास, दुपारचा डबा बऱ्याचदा अर्धा परत. जेवणानंतर लगेच चहा, दोन्ही वेळा. चहातली द्रव्यं अन्नातलं लोह अंगी लागू देत नाहीत. त्यात श्रावण लागला होता आणि सोमवारचे उपवास सुरू होते. माझ्या वेळापत्रकात मंगळवार हा सलग पळण्याचा सगळ्यात मोठा दिवस होता. म्हणजे उपवासाच्या दुसऱ्या पहाटे, रिकाम्या साठ्यावर.

पुन्हा पर्याय तपासले. उपवास सोडा, असं मी सुचवून पाहिलं. त्यांनी नाही म्हटलं, आणि मी पुन्हा विचारलं नाही. तो त्यांचा प्रश्न आहे. मग वेळापत्रकच हललं. सोमवारी फक्त चालणं, मंगळवारी सुट्टी, कठीण दिवस गुरुवारी. उपवासाला नुसती साबुदाण्याची खिचडी होती, त्यात राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाणे, खजूर, दूध आलं. पळायला निघण्याआधी एक केळं. चहा जेवणापासून तासभर लांब गेला. जेवणात लिंबू आलं, कारण त्याने लोह शोषलं जायला मदत होते. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तशाच, चहा-दुधासोबत नाही. सासूबाईंनी हळिवाचे लाडू करायला घेतले. "बाळंतिणीला देतात ते हिला का नको? हिचंही रक्त गेलंय की," असं त्या म्हणाल्या, आणि त्यानंतर घरात वृंदाताईंचा डबा परत येतो का यावर त्यांचंच लक्ष राहिलं.

शर्यतीला साडेचार आठवडे उरले होते. गोळ्या सुरू केल्यावर हिमोग्लोबिन महिन्याभरात एखाद्या अंकाने वाढतं, साठा भरायला तीन महिने आणि जास्तही लागतात. त्यामुळे शर्यत पळायची की नाही हा प्रश्न दुसऱ्यांदा आला. डॉक्टरबाईंनी परवानगी दिली ती दोन अटींवर: शर्यतीआधी हिमोग्लोबिन ११ च्या वर असलं पाहिजे, आणि घाटाचे तीव्र चढ चालायचे.

उरलेल्या वेळात आठवड्याला चारच दिवस आणि जास्तीत जास्त २८ किलोमीटर. गुरुवारी घाटाच्या खालच्या टप्प्यात एक मिनिट चढ, चालत परत, असं सहा वेळा. रविवारी लांब पळणं, सर्वांत मोठं १६ किलोमीटर. शर्यतीच्या तीन आठवडे आधी एकदाच दोन किलोमीटर उतार मुद्दाम पळवला, छोटी पावलं टाकत. मांडीच्या स्नायूंना उताराचा एक हलका अनुभव मिळाला की पुढचे काही आठवडे ते तेवढे दुखत नाहीत, म्हणून.

शर्यत

आदल्या आठवड्यात हिमोग्लोबिन ११.३ आलं. शर्यतीच्या दिवशी घाटात धुकं होतं आणि अंगावर भुरभुर पाऊस. त्यांनी तीन चढ चालून काढले. वरच्या रस्त्यावर काकांसोबत गप्पा मारत पळाल्या, उतारावर काकांना मागे टाकलं. वेळ २ तास ४७ मिनिटं.

अडीच तासांपासून हे सतरा मिनिटं लांब होतं आणि त्यांना त्याचं वाईट वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही. पण दुसऱ्या दिवशी सोमवारी त्या चौथीच्या मुलांना घेऊन मैदानावर कवायतीला उभ्या होत्या. जिना सरळ तोंडाने उतरून.

पुढचं पूर्ण वर्ष आठवड्याला ३० ते ३४ किलोमीटर, चार दिवस, त्यातला एकच कठीण. दर चौथा आठवडा हलका. मे महिन्याच्या सुट्टीत वाढवलं ते अंतर नाही, झोप. त्या वर्षात दुखण्यामुळे एकही आठवडा बुडाला नाही. आधीच्या वर्षी वहीप्रमाणे आणि आठवणीप्रमाणे नऊ बुडाले होते. फेरिटिन ४१ वर पोहोचलं. आधी ज्या ठोक्यांवर पावणेनऊ मिनिटं लागायची, तिथे पावणेआठ लागू लागली. सप्टेंबरात त्यांची वेळ २ तास ३३ मिनिटं आली.

आज वेगळं काय केलं असतं

एमआरआय करून घेतला असता. लोह कमी, खाणं अपुरं, सराव दुप्पट, आणि पाळी अनियमित झालेली असती तर ती चौथी गोष्ट; अशा स्त्रीच्या हाडाला तडा जाण्याचा धोका जास्त असतो. आमचा हिशोब "उपचार तोच" असा होता, पण तडा असता तर दोन आठवड्यांनी पळायला सुरुवात करणं धोक्याचं ठरलं असतं. आम्ही वाचलो, निर्णय बरोबर नव्हता.

नडगी दुखली ती मेमधल्या वाढीमुळे की रिकाम्या साठ्यामुळे, हे मी सांगू शकत नाही. दोन्ही एकत्र दुरुस्त केल्या, त्यामुळे वेगळं करून पाहायची सोय उरली नाही.

पहिल्या दिवशी विचारायच्या प्रश्नांचा कागद आता गटात आहे: झोप, जेवणाच्या वेळा, उपवास, पाळी, जिना चढताना धाप. स्त्रियांशी हे गटातल्याच एक निवृत्त परिचारिका बोलतात, मी नाही. संकोचामुळे मी विचारलं नव्हतं, आणि माझ्यासमोर त्यांनीही मोकळेपणाने सांगितलं नसतं. वर्षातून एकदा रक्त तपासून घ्यायला सगळ्यांनाच सांगतो.

आणि मे महिना. तो माझ्या मनातून जात नाही. वृंदाताई दर रविवारी आठवड्याच्या अंतराचा स्क्रीनशॉट गटात टाकत होत्या: २९, ३३, ३८, ४२, ४६. वाढ सगळ्यांना दिसत होती. प्रत्येकाखाली तीस-चाळीस टाळ्या आणि अंगठे होते, त्यात एक माझा. आता गटात आठवड्याचं अंतर टाकायचं नाही असं ठरलं आहे. काहींना ते आवडलेलं नाही. त्यांचं म्हणणं, कौतुकामुळेच नवी माणसं टिकतात, आणि त्यातही तथ्य आहे. त्यामुळे सध्या अंतराऐवजी सलग किती आठवडे न दुखता पळालो तो आकडा टाकायचा, असं चालू आहे.

अडीच तासांना तीन मिनिटं उरली आहेत. वृंदाताईंनी गेल्या महिन्यात पाचवा दिवस मागितला. मी नाही म्हटलं नाही. दिवाळीनंतर फेरिटिन पुन्हा बघायचं, तोवर चार दिवस, आणि पाचवा आलाच तर तो काकांच्या वेगाने, एवढं वहीत दोघांनी लिहून ठेवलं आहे.